कमीत कमी हाताळावे

कणी घरी आली तेव्हा तिच्याबरोबर एक कार्डही घरी आलं. तळहाताएवढं, पिवळं, आणि त्यावर निळ्या शाईत तीन शब्द: कमीत कमी हाताळावे. दवाखान्यात ते काचेच्या पेटीला लावलेलं होतं. कणी सात आठवडे आधीच जगात आली होती, चौदाशे ग्रॅमची, ओंजळभर, आणि चोवीस दिवस त्या पेटीत राहिली होती. पेटी दुसऱ्या बाळासाठी रिकामी करताना कुणीतरी घाईघाईनं ते कार्ड तिच्या फाईलला टाचून दिलं, आणि बापानं ते घरी आणून पाळण्याच्या डोक्याशी चिकटवलं.

दुसरा कुणी बाप असता तर खणात टाकून विसरून गेला असता. पण हा बाप काचेच्या कारखान्यातला, माल खोक्यात भरणाऱ्या खात्यात अकरा वर्षं काढलेला. पेले, बरण्या, औषधाच्या बाटल्या. त्यानं भरलेल्या खोक्यात आजवर काही तडकलं नव्हतं. त्या खात्यात सगळे नियम एका बाजूला आणि हा एक नियम दुसऱ्या बाजूला: लेबल ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. साहेब आला तरी त्यानं हात लावायचा नाही. लेबल आहे तोवर माल नाजूक, संपला विषय.

तेव्हा त्यानं घराचंच गोदाम केलं. दाराच्या बिजागरींना तेल घातलं. पाळण्यात कारखान्यातला मऊ फोम कापून बसवला, त्यात कणीच्या आकाराची खोबण. तिला उचलायचं ते उशीवर ठेवून, उशीसकट, ट्रे उचलावा तसं. दूध काढून घ्यायचं आणि उशीवर निजवूनच बाटलीनं पाजायचं. अंग ओल्या कापसानं टिपायचं. पस्तीस दिवसांचं पोर, पण माणसाचं ऊबदार कातडं कसं असतं हे त्याला धड ठाऊक नव्हतं. आणि यात कुणाचा दुष्टपणा नव्हता हो. होती ती माया, पण बूच लावून घट्ट बंद केलेली.

कणीची आत्या म्हणजे या बापाची थोरली बहीण. चार गल्ल्या पलीकडच्या बेकरीत पीठ मळायची. यंत्र आलं होतं, पण यंत्र मळून झालं की पीठ झालं का नाही हे सांगायला मालक आत्यालाच बोलवायचा. ती तळवा ठेवायची, क्षणभर थांबायची, आणि म्हणायची, "अजून नाही." मालकाला कधी घाई असली तर म्हणायची, "तुम्हाला घाई आहे, त्याला नाही." हातांवर भाजल्याचे डाग, जिभेवर धार, आणि तोंडात सदा देवाचं नाव. देवाचं नाव घेणारी माणसं मवाळ असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिच्याशी एकदा वाद घालून बघावा.

त्या शुक्रवारी ती दुपारी आली, तेव्हा भावजय पाळण्यापासून दोन हात लांब खुर्चीवर बसली होती. सारखे धुऊन धुऊन तिच्या हातांची सालं निघाली होती.

"किती भरली?" आत्यानं चपला काढता काढता विचारलं.

"एकोणीसशे साठ," भावजय भिंतीला सांगितल्यासारखी म्हणाली. "अकरा दिवसांत साठ ग्रॅम. डॉक्टर म्हणाले, रोज वीस-पंचवीस तरी वाढायला हवं. पुढच्या शुक्रवारी दीडशे वाढलेली दिसली नाही तर परत दाखल करायचं. पेटीत."

"दूध पिते ना?"

"पिते आणि झोपते. रडतसुद्धा नाही वन्सं. आधी मला वाटायचं, किती गुणाची आहे."

आत्यानं पाळण्यात डोकावून बघितलं. कणी खोबणीत पडली होती, डोळे उघडे, छताकडे. "गुणाची कसली," ती म्हणाली. "रडून बघितलं असेल. कुणी जवळ घेत नाही म्हटल्यावर गप्प झाली. तू हिला शेवटचं कधी उचललंस?"

"सकाळी."

"उशीसकट?"

भावजयीनं मान डोलावली.

आत्यानं कोपरापर्यंत हात धुतले, चुलीवरच्या भांड्याला लावून गरम केले, दुपट्याची घडी उलगडली आणि उजवा तळवा कणीच्या छातीवर टेकवला. पोर दचकलं, दोन्ही हात पसरले. आत्यानं हात हलवला नाही. मग कणीचे हात हळूहळू खाली आले. आत्यानं दुसऱ्या हातानं तिच्या पायावरून बोटांची टोकं फिरवली, अलगद, पावाला दुधाचा हात द्यावा तशी. पाय आखडला. "असू दे, असू दे," आत्या म्हणाली. "ओळख नाही अजून."

दार आवाज न करता उघडलं. तेलाचा परिणाम. धाकटा, कणीचा बाप, आला होता.

"ताई, हात काढ."

"काढते. दमली की."

"कोण, तू?"

"ही."

"ताई, कार्ड वाचलंस का?"

"वाचलं. कमीत कमी म्हटलंय. मी एकच लावलाय."

"थट्टा करू नकोस. दवाखान्यातल्या माणसांनी शिकून सवरून लिहिलंय ते. तू पीठ मळतेस. हे पीठ नाही."

"आणि ही बरणीही नाही. देवानं हिला हातानं घडवलीय धाकट्या, साच्यात ओतलेली नाही. खोक्यात भरून तर मुळीच पाठवली नाही."

त्याचा चेहरा लाल झाला. दिवसभर तो वजनाचा आकडा घेऊन फिरत होता आणि तो कुठेतरी टाकायलाच हवा होता. तो म्हणाला, "तुला स्वतःचं मूल असतं ना ताई, म्हणजे भीती काय असते ते कळलं असतं."

भावजयीनं डोळे मिटले. खोलीत खालच्या सायकल दुकानातला हातोडा तेवढा ऐकू येत होता.

आत्यानं कणीला दुपट्यात नीट गुंडाळलं. मग भावाकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आई गेली तेव्हा तू चार महिन्यांचा होतास. मी तेरा वर्षांची. तुला काखेत मारून मी चूल पेटवली, तुला पायावर घेऊन आंघोळ घातली, तू रात्री माझ्या पोटावर झोपायचास. मला मूल नाही म्हणतोस? मग तू कोण होतास?"

तो दाराकडे बोट दाखवून म्हणाला, "लेबल ज्यानं लावलं तो काढेल. तोवर तू येऊ नकोस."

"येणार. दार लावलंस तर पायरीवर बसेन, आणि जिना चढणाऱ्या प्रत्येकाला तुझा लहानपणीचा एकेक पराक्रम सांगेन. तुझ्याकडे दार एक आहे, माझ्याकडे पराक्रम खूप आहेत." चपला घालताना ती थांबली. "काय म्हणालास? ज्यानं लावलं तो काढेल?"

"हो."

"बरं. मग त्यालाच गाठते."

दुसऱ्या दिवशी बेकरी सुटल्यावर ती तशीच दवाखान्यात गेली, पिठाच्या ॲप्रनसकट. दारावरचा रखवालदार म्हणाला, "बाई, भेटायची वेळ चार ते सहा."

"मी भेटायला आलेलीच नाही. जाब विचारायला आलेय. त्याची वेळ कुठे लिहिलीय?"

त्यानं पाटीकडे वळून बघितलं. तेवढ्यात आत्या आत.

लहान बाळांच्या वॉर्डातली मोठी सिस्टर किडकिडीत होती, जाड चष्म्याची. आत्यानं तिला कार्डावरचं अक्षर कसं होतं, शाई कसली होती, सगळं सांगितलं. सिस्टर ऐकता ऐकता स्टुलावर बसली.

"ते माझंच अक्षर. पण ते पहिल्या आठवड्याचं कार्ड आहे हो. तेव्हा श्वास सांभाळायचा असतो, उगाच कुणी हलवू नये म्हणून लावतो. पुढे तर आम्हीच आईला सांगतो, छातीशी धर, अंगावरून हात फिरव. ते घरी कसं गेलं?"

"ते मी तुम्हाला विचारते आहे."

"आईला कुणी शिकवलं नाही?"

"आई तेव्हा तापानं फणफणत खालच्या मजल्यावर होती. नऊ दिवस."

सिस्टरनं चष्मा काढून पुसला. "सकाळच्या पाळीला वाटलं दुपारच्यांनी शिकवलं, दुपारच्यांना वाटलं सकाळच्यांनी," ती हळूच म्हणाली. "चूक आमची. मी पण त्यात आहे."

इतकं सरळ कबूल केल्यावर भांडायचं कसं? आत्या भांडायला आली होती, दारूगोळा भरून आली होती, आणि समोरच्यानं किल्ल्याचं दार उघडून आत या म्हटलं. तिनं ॲप्रन झटकला आणि म्हणाली, "मग मला शिकवा."

"तुम्ही कसं करता ते दाखवा आधी," सिस्टरनं बाही वर करून हात पुढे केला. आत्यानं बोटांची टोकं अलगद फिरवली. सिस्टरनं हात मागे घेतला. "या गुदगुल्या. तुम्हाला कुणी असं केलं तर?"

"फटका देईन."

"तिला देता येत नाही. म्हणून ती अंग आखडून घेते."

आत्याला ते लागलं. कालचा आखडलेला पाय तिला आठवला. तीस वर्षं हातांवर जगलेल्या बाईला कुणी हात शिकवावा, हे काही सोपं नव्हे. पण खरं ते खरं. तिनं स्टूल ओढलं.

सिस्टरनं तिच्याच हातावर दाखवलं. सगळा तळवा टेकवायचा. हाताला थोडं वजन द्यायचं, कातडी किंचित हलेल एवढंच. पीठ मळतात तसं नाही. डोक्यापासून पाठीवरून खाली, मग खांदे, हात, पाय. साधं तेल, दोन थेंब, हात गरम. दूध पाजल्यावर लगेच नाही. तिनं तोंड फिरवलं, बोटं ताठ पसरली, रंग बदलला, की थांबायचं. "आणि सगळ्यात आधी आईच्या छातीशी. मध्ये कपडा नको. कातडीला कातडी."

"वजन वाढेल?"

"बऱ्याच बाळांचं वाढतं. झोप शांत लागते, खाल्लेलं अंगी लागतं. पण तुमच्या बाळाचं वाढेलच असं मी लिहून देणार नाही. मी देव नाही."

"ते दिसतंय. देवाला एवढा जाड चष्मा लागत नाही." सिस्टर हसली. आत्या हसली नाही. "ते लिहून देऊ नका, पण दुसरं एक लिहून द्या. कार्डावर. तुमच्याच अक्षरात, तुमच्याच शाईत."

संध्याकाळी धाकट्यानं नवं कार्ड उजेडात धरून वाचलं: आधीचे कार्ड रद्द. दिवसातून तीनदा हाताळावे. खाली सही, शिक्का. त्यानं अक्षर जुन्या कार्डाशी ताडून बघितलं. मग जुनं कार्ड नखानं कडेपासून सोडवलं, जराही न फाडता, आणि ते हातात घेऊन उभाच राहिला.

"म्हणजे इतके दिवस उगाच," तो म्हणाला.

आत्याच्या जिभेवर तीन टोमणे तयार होते, एकाहून एक सरस. तिनं ते गिळले. देवाच्या दारी तेवढं तरी पुण्य जमा होईल म्हणून नव्हे; त्याचा चेहरा आई गेली त्या वर्षीसारखा झाला होता म्हणून.

पण खरी गाठ पुढेच होती. भावजय खुर्चीतून उठेना. "तुम्ही करा वन्सं. माझ्याच्यानं नाही होणार. माझ्या पोटात ती धड राहिली नाही. आता माझ्या हातून आणखी काही झालं तर?"

आत्यानं तिला समजावलं नाही. तेलाची वाटी घेतली, तिच्या पुढ्यात जमिनीवर बसली आणि तिचेच हात ओढून घेतले. साल निघालेली बोटं, फुटलेल्या चिरा. एकेक बोट, मग तळवा, मग मनगट. भावजय आधी अवघडली. मग तिचे खांदे खाली आले. कुणीतरी तिलाही हात लावून किती दिवस झाले होते. बाळंतपणानंतर जो तो बाळाच्या काचेतून डोकावत होता. बाईकडे बघायला कुणाला सवड होती?

"बटणं काढ," आत्या म्हणाली.

"ताई, मी बाहेर जातो," धाकटा म्हणाला.

"कुठे जातोस? इथेच थांब. खिडकी लाव, वारा येतोय."

आत्यानं कणीचं दुपटं सोडलं, तिला दोन्ही तळव्यांवर उचललं, उशीबिशी काही नाही, आणि आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं. वरून शाल. कणीनं डोकं थोडं घासलं, इकडून तिकडे, जागा शोधल्यासारखं. मग गालाखाली मानेचा खळगा सापडला आणि ती थांबली. भावजय श्वास धरून बसली होती.

"श्वास घे गं," आत्या म्हणाली. "तिला तो ऐकायचाय."

बऱ्याच वेळानं भावजय म्हणाली, "हिच्या डोक्याला वास आहे." जणू एवढे दिवस तिला कुणी ते सांगितलंच नव्हतं.

त्या दिवसापासून दिवसाला तीन वेळा. पहिल्यांदा आत्या करायची आणि भावजय बघायची. मग भावजय करायची आणि आत्या टोकायची. "वजन दे हाताला. चोरासारखी फिरवू नकोस." आत्यानं बेकरीतला मैद्याचा काटा उचलून आणला. मालक म्हणाला, काटा कशाला? आत्या म्हणाली, एक गोळा तोलायचाय. पहिले दोन दिवस काटा जागचा हलला नाही. भावजयीचा धीर सुटत चालला. आत्याचाही आतून सुटला होता, पण तिनं तो बाहेर दिसू दिला नाही. तिसऱ्या दिवशी दहा ग्रॅम. चौथ्या दिवशी दुपारी कणी रडली. अशी रडली की सायकलवाला वर येऊन विचारून गेला. धाकटा घाबरला. आत्या म्हणाली, "रडू दे. आता कुठे तक्रार करायला लागली. आपल्याच घरची आहे, खात्री पटली."

शुक्रवारी दवाखान्यातल्या काट्यावर कणी दोन हजार पंच्याहत्तर भरली.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते, आणि वाईट मुळीच नव्हते. "दीडशे म्हटलं होतं. एकशे पंधरा आहे," ते फाईलमध्ये बघत म्हणाले. "धोका नको. दाखल करून घेऊ."

आत्यानं तोंड उघडलं. आठवडाभर तिनं या क्षणासाठी शब्दांना धार लावून ठेवली होती. पण शब्द निघायच्या आत दुसऱ्याच कुणाचा आवाज आला.

"पहिले दोन दिवस काहीच वाढलं नव्हतं," भावजय म्हणाली. "सगळं नंतरचं आहे. शेवटच्या तीन दिवसांतच पंच्याऐंशी."

"कुठल्या काट्यावर?"

"मैद्याच्या," आत्या म्हणाली. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. भावजयीनं हातानंच तिला थांबवलं.

"डॉक्टर, दाखल करायचं असेल तर करा. तुम्हाला कळतं, मी नाही म्हणत नाही. पण ती पेटीत एकटी पडणार नाही. मी खुर्ची टाकून बसेन आणि ती माझ्या अंगावर असेल. रात्रंदिवस. तसं चालत असेल तर आत्ता वर चला, मी तयार आहे. चालत नसेल, तर का चालत नाही ते मला लिहून द्या. सहीशिक्क्यासकट."

धाकटा बायकोकडे बघतच राहिला. आवाज चढलेला नव्हता. कणीच्या पाठीवरचा तळवा पक्का होता.

डॉक्टरांनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टर म्हणाली, "चालतं सर. पद्धत आपलीच आहे. आपणच सांगायला विसरलो होतो."

डॉक्टरांनी परत कणीला बघितलं. यावेळी फाईल बाजूला ठेवून बघितलं. डोळे, टाळू, तळपाय. त्यांचं बोट कणीनं मुठीत धरलं आणि सोडेना. "सोमवारी," ते शेवटी म्हणाले. "सकाळी नऊला. तोवर दूध कमी प्यायली, सुस्त वाटली, तर सोमवारची वाट बघायची नाही. लगेच यायचं."

"येऊ," भावजय म्हणाली. "दोघीही."

बाहेर बाकावर गर्दी होती. भावजय मधोमध बसली, शाल ओढली आणि तिथेच बटणं सोडून कणीला आत घेतलं. शेजारची बाई, तीन मुलांची आई, मान हलवत म्हणाली, "इतकं कवटाळू नये हो. सवय लागते."

"लागू दे," भावजय म्हणाली. "त्यासाठीच चाललंय."

आत्याला आता राहवेना. पुढ्यात शालीचा इवलासा फुगवटा वर-खाली होत होता, आणि तिच्या तळव्याला खाज सुटली होती. तिनं दोन्ही हात एकमेकांवर घासून गरम केले आणि शालीकडे नेले.

"आत्ता नको वन्सं," भावजय हळूच म्हणाली. "झोपलीय."

आत्याचा हात हवेतच राहिला. भावाशी भांडून, रखवालदाराला गुंगारा देऊन, डॉक्टरांसमोर उभं राहून जो हात तिनं इथवर आणला होता, तो आता तिला परत न्यावा लागत होता. तिनं तो नेला. मुकाट्यानं मांडीवर ठेवला.

धाकट्यानं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

"हसतोस काय," आत्या म्हणाली. "जा, गाडी बघ. आणि हळू आणायला सांग. आत पोर झोपलंय."